धीराची तरतूद

रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर कर्करुग्णांसाठी एक छापील अर्ज असतो. त्यावर डॉक्टरांची सही आणि रुग्णालयाचा शिक्का असला, की उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाणाऱ्या रुग्णाला शयनयान आणि तृतीय वातानुकूलित वर्गाचे भाडे पूर्ण माफ होते. एवढेच नव्हे, तर त्याच्याबरोबर जाणाऱ्या एका सोबत्यालाही या वर्गांत ७५ टक्के सवलत मिळते. करोनाच्या साथीत, २०२० साली, रेल्वेने पुष्कळ सवलती बंद केल्या. ही मात्र चालू राहिली. मला या अर्जाचे नेहमी अप्रूप वाटते. कॅन्सर एका माणसाला होतो, पण प्रवास दोघांचा असतो, हे मान्य करणारा तो एक दुर्मीळ सरकारी कागद आहे.

गाडी स्टेशनात पोचली, की ही मान्यता संपते. रुग्णालयाच्या दारात सोबत्याच्या हातात एक पास पडतो आणि तो ‘पेशंटबरोबरचे कोण?’ या हाकेचा धनी होतो. रक्त आणायचे असेल, फाइल दुसऱ्या मजल्यावर न्यायची असेल, सही हवी असेल, तेव्हा त्याची आठवण होते. तो जेवला का, रात्री डोळ्याला डोळा लागला का, घरी ठेवलेल्या मुलांकडे कोण पाहते, हे विचारण्याचे काम कोणाकडेच सोपवलेले नसते. रुग्णाची स्थितीही फारशी वेगळी नसते. त्याचे रक्त, वजन, गाठीचा आकार यांची नोंद केसपेपरवर पानोपानी होते. मनाच्या नोंदीसाठी त्या कागदावर रकानाच नाही.

मी हे लिहिते आहे ते थोड्या अधिकाराने. नऊ वर्षांपूर्वी माझ्या स्तनाच्या कर्करोगावर उपचार झाले आणि गेली सात वर्षे आमच्या जिल्ह्याच्या गावी मी एका आधारगटाचे काम पाहते. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर, एका वर्गात आम्ही पंधरा-वीस जण गोल बसतो. काही रुग्ण, काही उपचार संपलेले, काही नुसते सोबतीचे. पहिली तीन वर्षे एका विश्वस्तनिधीने आमच्या समुपदेशक बाईंचे मानधन दिले. मुदत संपली, तसे तेही संपले. तेव्हापासून गट चालतो तो कधी वर्गणीवर, कधी बाईंच्या भिडेवर. पावसाळ्यात दोन-दोन महिने बैठक होत नाही. आणि ज्या महिन्यात बैठक होत नाही, त्याच महिन्यात कुणाला तरी तिची सर्वांत जास्त गरज असते, हा आमचा अनुभव आहे.

म्हणून आजचा प्रश्न असा, की कर्करुग्णांच्या आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांच्या अशा गटांसाठी सरकारने नियमित पैसे द्यावेत का? माझे उत्तर ‘होय’ असे आहे. पण ते देताना काही गोष्टी प्रामाणिकपणे मांडल्या पाहिजेत.

वर्तुळात बसून काय होते?

आधारगट म्हणजे काय, याविषयी बरेच गैरसमज आहेत. अनेकांना वाटते, तिथे सगळे मिळून रडत असतील. काहींना वाटते, भजन किंवा व्याख्यान असेल. प्रत्यक्षात बहुतेक वेळ फार साध्या गोष्टींत जातो. केमोनंतर तोंडाला लोखंडाची चव येते, तेव्हा काय खाल्ले तर गिळवते? तोंड आले असताना भाकरी दुधात कुस्करावी की पेज घ्यावी? केस गेल्यावर हळदीकुंकवाला जावे का, आणि गेल्यावर बायका डोक्याकडे पाहू लागल्या तर काय बोलावे? धाकट्या मुलाला काय सांगायचे? या प्रश्नांची उत्तरे डॉक्टरांकडे नसतात असे नाही. पण बाह्यरुग्ण विभागात दाराबाहेर शंभर माणसे उभी असताना ती विचारण्याचा धीर होत नाही.

त्याहून अवघड गोष्टी हळूहळू निघतात. आपल्याकडे उपवर मुलगी घरात असली, की आईचा कॅन्सर लपवला जातो. ‘स्थळं येणार नाहीत’ ही भीती खोटी म्हणता येत नाही. आमच्याकडे एक मावशी शेजारच्या तालुक्यातून येत, कारण स्वतःच्या गावात कोणाला कळू द्यायचे नव्हते. पुष्कळ घरांत तर खुद्द रुग्णालाच आजाराचे नाव सांगितलेले नसते. मुलगा म्हणतो, ‘आईला सांगू नका, ती खचेल.’ आई आम्हाला बाजूला घेऊन म्हणते, ‘मला सगळं माहीत आहे, पण पोराला कळू देऊ नका, तो खचेल.’ एकाच घरात दोघे जण एकमेकांना सांभाळण्यासाठी एकटे पडतात. अशा वेळी तिसऱ्या घरातला माणूस, ज्याने हेच नाटक वर्षभर केले आहे, तो जे बोलतो त्याला वजन असते.

आणि पुरुष सोबती. आमच्याकडे एस.टी.त चालक असलेले एक गृहस्थ पत्नीबरोबर येत आणि भिंतीला टेकून बसत. पाच बैठकांत ते एक शब्द बोलले नाहीत. सहाव्या बैठकीला त्यांनी विचारले, ‘रात्रपाळीला गाडी चालवताना डोळ्यांपुढं हिचाच चेहरा येतो. गाडीत चाळीस-पन्नास माणसं असतात. साहेबांना सांगू का नको?’ त्या एका प्रश्नात नोकरी होती, भीती होती आणि चाळीस-पन्नास अनोळखी माणसांचा जीव होता. त्या दिवशी गटातल्याच एका निवृत्त वाहकाने त्यांच्याबरोबर आगारात जायचे कबूल केले. पुढे त्यांना काही महिने दिवसपाळी मिळाली. हे कोणत्या उपचारात मोडते, मला माहीत नाही. पण ते झाले नसते तर काय झाले असते, याचा विचार मला अस्वस्थ करतो.

तंबाखूमुळे आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण फार. शस्त्रक्रियेनंतर बोलणे अस्पष्ट होते, काहींचे जातेच. बोलण्याच्या गटात न बोलणाऱ्याचे काय काम, असे वाटेल. आमच्याकडे एक शेतकरी पाटी घेऊन येतात. ते लिहितात आणि शेजारचा मोठ्याने वाचतो. एकदा एका तरुणाला त्यांनी लिहून दाखवले : ‘पुडी सोडली का? मी सोडली तेव्हा उशीर झाला होता.’ तंबाखूविरोधी फलकांनी त्या मुलावर झाला नसता इतका परिणाम त्या पाटीने केला.

एकमेकांना शोधणारी माणसे

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत टेरीज लॅसर नावाच्या बाईंनी स्वतःचे स्तन काढल्यानंतर १९५२ मध्ये ‘रीच टू रिकव्हरी’ हे काम सुरू केले. शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीला त्याच अनुभवातून गेलेल्या स्त्रीने भेटायचे, एवढीच कल्पना. सुरुवातीला अनेक शल्यविशारदांना ही लुडबूड वाटली आणि काही रुग्णालयांनी त्यांना दार बंद केले. पुढे १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीनेच हे काम आपल्याकडे घेतले आणि ते अनेक देशांत पसरले. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात डॉ. जिमी हॉलंड यांनी १९७७ पासून कर्करुग्णांच्या मनाचा स्वतंत्र अभ्यास उभा केला. त्यातून वैद्यकाची एक शाखाच निर्माण झाली.

आपल्याकडेही माणसे एकमेकांना शोधतातच. मुंबईत परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. देशभरातून तेथे रुग्ण येतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेच्या आवारात संध्याकाळी पाहावे. विदर्भातली एखादी बाई आणि बिहारमधली एखादी बाई, एकमेकींची भाषा धड न येता, औषधाच्या चिठ्ठ्या एकमेकींना दाखवत असतात. ‘त्या खिडकीवर जा, इथं नंबर लाव, हे औषध जेवणाआधी नको घेऊ.’ ज्यांना धर्मशाळेतही जागा मिळाली नाही, अशी हिंदमाता पुलाखाली पथारी पसरलेली कुटुंबेही हेच करत आली आहेत. हा आधारगटच आहे. फक्त त्याला नाव नाही आणि छप्परही नाही. मुंबईत त्याच्या जोडीला रुग्णालयांचे समाजसेवा विभाग आहेत, १९६९ पासून काम करणारी कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन आहे, १९९४ पासूनचे ‘व्ही केअर’ आहे.

पण उपचार संपले, की माणूस गावी परततो आणि हा सगळा आधार परळलाच राहतो. खरे एकटेपण तिथून सुरू होते. उपचार चालू असताना निदान पुढची तारीख तरी असते. ती संपल्यावर उरते ते दर तीन महिन्यांच्या तपासणीची धास्ती आणि ‘आता तर बरी झालीस ना?’ म्हणणारे घर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे १४ लाख लोकांना नव्याने कर्करोग झाला. आणि मागच्या पाच वर्षांत निदान होऊन हयात असलेल्यांची संख्या सुमारे ३२ लाख होती. प्रत्येकामागे एक सोबती धरला, तरी हा आकडा दुप्पट होतो. ही माणसे काही परळला राहत नाहीत. ती चंदगडला, किनवटला, शहाद्याला राहतात.

प्रयोग काय सांगतात?

आता प्रामाणिकपणाची गोष्ट. गटात बसल्याने आयुष्य वाढते का?

१९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. डेव्हिड स्पीगल यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला आणि जगभर खळबळ उडाली. शरीरात पसरलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या ८६ स्त्रिया. त्यांपैकी ५० जणी वर्षभर, आठवड्यातून एकदा गटात बसल्या; उरलेल्या ३६ जणींना नेहमीचे उपचार मिळाले. मूळ हेतू त्यांचे दुःख कमी होते का, हे पाहण्याचा होता. पण नंतर हिशेब केला, तेव्हा गटातल्या स्त्रिया सरासरी ३६.६ महिने जगल्या होत्या, बाकीच्या १८.९ महिने. जवळजवळ दुप्पट! गट म्हणजे औषधच, असे लोक म्हणू लागले.

विज्ञानाची रीत अशी, की एका प्रयोगावर विसंबायचे नाही. कॅनडात २३५ स्त्रियांवर असाच प्रयोग झाला. डॉ. पामेला गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष मांडले. आयुष्यात काही फरक पडला नव्हता. खुद्द स्पीगल यांनी १२५ स्त्रियांना घेऊन आपलाच प्रयोग पुन्हा केला. २००७ साली त्यांनाही एकूण गटात आयुष्य वाढल्याचे दिसले नाही आणि त्यांनी ते मोकळेपणाने छापले.

पण कॅनडाच्या त्या अभ्यासातला दुसरा निष्कर्ष मात्र फारसा सांगितला जात नाही. गटात बसलेल्या स्त्रियांची मनाची तगमग कमी झाली होती आणि त्यांना वेदनाही कमी जाणवत होती. ज्या सुरुवातीला जास्त खचलेल्या होत्या, त्यांना फायदा जास्त झाला होता. म्हणजे गटाने दिवस वाढवले नाहीत; आहेत ते दिवस सुसह्य केले.

याच कारणाने, आमच्या गटाचा फायदा सांगताना मी कधीही ‘याने कॅन्सर बरा होतो’ असे म्हणत नाही आणि कोणी म्हणू लागले तर त्याला थांबवते. ‘मन खंबीर ठेवा, म्हणजे रोग पळेल’ हे वाक्य ऐकायला गोड असले तरी क्रूर आहे. रोग बळावला, तर त्याचा दुसरा अर्थ असा निघतो की मन कमी पडले. आजाराचे ओझे असताना हा अपराध कशासाठी माथी मारायचा?

‘तुम्ही किती पेशंट वाचवले?’

आणि नेमकी इथेच पैशाची अडचण सुरू होते. मानधन बंद झाल्यावर मी दारोदार फिरले. एका उद्योगसमूहाच्या कार्यालयात सामाजिक कामाचा निधी सांभाळणारे अधिकारी फार सौजन्याने वागले. चहा पाजला, सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ‘मॅडम, तुम्ही वर्षाला किती पेशंट वाचवता?’ मी म्हटले, ‘एकही नाही. वाचवायचं काम डॉक्टरांचं.’ अर्ज तिथेच थांबला.

मी त्यांना दोष देत नाही. देणगीदाराला दिसणारी वस्तू हवी असते. यंत्रावर नाव कोरता येते, रुग्णवाहिकेच्या दारावर रंगवता येते, बाकावरही रंगवता येते. त्या बाकावर बसून हलक्या झालेल्या मनावर कोणाचे नाव रंगवणार? २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारमानाच्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण तो पैसा वर्षाच्या हिशेबाने येतो आणि वर्षाच्या हिशेबाने जातो. गटाला मोठी रक्कम लागत नाही. लहान रक्कम, पण न चुकता लागते. न चुकता देण्याची ताकद शेवटी सार्वजनिक तिजोरीतच असते.

इथे कोणी विचारील, की ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’चे गट जगभर चालतात, ते तर बाहेरून एक पैसा घेत नाहीत, मग तुम्हालाच सरकार कशाला हवे? प्रश्न रास्त आहे. त्या चळवळीने स्वतःच्या वर्गणीवर उभे राहण्याचा नियम केला आणि पाळला, याबद्दल मला आदर आहे. पण फरक पाहा. दारू सोडलेला माणूस वर्षागणिक अधिक धडधाकट होतो, कमावू लागतो आणि वीस वर्षे गट चालवू शकतो. आमचे सभासद उपचारांनी थकलेले असतात, बहुतेकांची पुंजी संपलेली असते, काही जण कर्जात असतात आणि काही जण जातात. जो आज सतरंजी घालतो, तो पुढच्या वर्षी असेलच असे नाही.

सभासद गेल्यानंतरची बैठक फार कठीण असते. प्रत्येक जण त्या मोकळ्या जागेकडे पाहून आपला हिशेब करत असतो. अशा वेळी वर्तुळ सांभाळायला शिकलेले माणूस लागते. कुठे बोलू द्यायचे, कुठे गप्प राहायचे, कोणाला बैठकीनंतर थांबवून मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायचे, हे नुसत्या सदिच्छेने जमत नाही. शिवाय अशा गटांच्या वासावर जडीबुटीवाले येतात, ‘चाळीस दिवसांत गॅरंटी’वाले येतात. त्यांना नम्रपणे दाराबाहेर ठेवणे हेही कामच आहे. या कामाला मोल आहे, हे मान्य करायला आपण इतके का कचरतो?

पायंडे आपल्याच घरात

माणसांनी गोल बसून बोलावे यासाठी सरकारने पैसे द्यायचे, ही कल्पना विचित्र वाटत असेल, तर सरकार हे आधीच करत आले आहे, हे सांगायला हवे.

पुण्याचे मुक्तांगण १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीच्या आधाराने सुरू केले. तेथे गटात बसून बोलणे हा उपचाराचा कणा आहे. व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट आहे. म्हणजे सोबत्याचेही दुःख असते, हे तिथे फार आधी ओळखले गेले. देशातल्या व्यसनमुक्ती केंद्रांना केंद्राचे सामाजिक न्याय खाते वर्षानुवर्षे अनुदान देते. त्या अनुदानात समुपदेशकाचा पगारही धरलेला असतो.

दुसरे उदाहरण एड्सचे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयांत समुपदेशक नेमले. तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे २००७ ते २०१२ या काळात, एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या संघटनांना एकत्र बसण्याची केंद्रे चालवायला पैसे दिले. तेव्हा कोणी विचारले नाही की यातून किती जण ‘वाचले’. गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या, तर माणूस टिकला पाहिजे आणि माणूस टिकायचा तर त्याला माणसे हवीत, एवढे धोरणकर्त्यांना उमगले होते.

तिसरे उदाहरण केरळचे. १९९३ साली कोझिकोडला वेदनाशामक शुश्रूषेचे काम सुरू झाले, ते पुढे गल्लीगल्लीतल्या स्वयंसेवकांनी उचलले. २००८ साली त्या राज्याने वेदनाशामक शुश्रूषेचे धोरणच जाहीर केले आणि ग्रामपंचायती आपल्या निधीतून परिचारिकेचा खर्च करू लागल्या. परिचारिका घरी येते ती जखम बांधते आणि घरातल्या बाईशी बोलतेही.

महाराष्ट्रात आपण काय केले? २०१२ साली सुरू झालेली आणि आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाणारी योजना ही मोठीच कामगिरी आहे. शस्त्रक्रिया, केमो, किरणोपचार यांचा खर्च त्यातून होतो. कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आता आहे. माझ्या गटातली निम्मी माणसे या योजनेमुळेच उपचार पुरे करू शकली. पण योजनेची बांधणी उपचारप्रकारांच्या यादीवर आहे. ज्याला यादीत नाव नाही, त्याला पैसा नाही. मानसिक आरोग्यासाठी १९९६ पासून जिल्हा कार्यक्रम आहे आणि २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही दूरध्वनी सेवा आहे. दोन्ही उपयोगी आहेत. पण आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाचा चेहरा फोनवर दिसत नाही.

खर्च किती?

माझा हिशेब शाळामास्तरणीचा आहे, तो तज्ज्ञांनी तपासून घ्यावा. समजा, जिल्ह्याला एक प्रशिक्षित समुपदेशक, महिना ३० हजार रुपये. उपचार पूर्ण झालेल्या दोन अनुभवी रुग्णांना किंवा सोबत्यांना प्रत्येकी पाच हजार मानधन. गरजूंचे एस.टी.चे भाडे, चहा, कागद मिळून दहा हजार. एकूण महिना ५० हजार, वर्षाला सहा लाख. एका कुटुंबाला जन आरोग्य योजनेत वर्षाला मिळू शकणाऱ्या संरक्षणापेक्षा ही रक्कम जेमतेम एक लाखाने जास्त. ३६ जिल्ह्यांचे मिळून दोन कोटी १६ लाख. मुंबई-पुण्याला अधिक लागेल, म्हणून दुप्पट धरा. साडेचार कोटींच्या आतच राहते. राज्याच्या अर्थसंकल्पात हा आकडा शोधायला भिंग लागेल.

‘त्यापेक्षा औषधे घ्या, यंत्रे घ्या’ असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा मला मान्य आहे. एकाला औषध नसताना दुसऱ्याला धीर देण्यात अर्थ नाही. परंतु औषध विकत घेऊन दिल्यावरही माणूस तिसऱ्या केमोनंतर यायचा बंद होतो, तेव्हा त्यावर झालेला खर्च वाया जातो. असे का होते? कधी पैसे संपतात, कधी पेरणी येते, आणि कधी ‘आता नको, सहन होत नाही’ म्हणून तो घरी बसतो. यांतल्या शेवटच्या माणसाला परत आणणारा बहुधा डॉक्टर नसतो. तेच सहन केलेला दुसरा रुग्ण असतो.

जागेचा प्रश्नही सुटण्यासारखा आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे काढण्याची घोषणा झाली. त्यांतली २०० त्याच वर्षात काढायचे ठरले. म्हणजे केमोसाठी लोकांना मोठ्या शहरात जावे लागू नये. उत्तम. याच केंद्रांच्या आराखड्यात एक खोली आणि एक पद आत्ताच धरले, तर वेगळी इमारत नको. महिन्यातून दोन बैठका : एक रुग्णांची, एक सोबत्यांची. सोबत्यांच्या बैठकीला रुग्ण गेल्यानंतरही वर्षभर येता यावे, कारण रुग्णालयाची फाइल त्या दिवशी बंद होते, घराची होत नाही. आणि केसपेपरवर एक रकाना हवा. ‘गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला?’ शून्य ते दहा. तापमापकाचे चित्र काढून असा प्रश्न विचारण्याची पद्धत परदेशांतल्या कर्करोग रुग्णालयांत रुळली आहे. आकडा मोठा आला, तर परिचारिकेने पुढे पाठवायचे. याला यंत्र लागत नाही, पेन लागते.

सरकारी पैशाची भीती

सरकारी पैशाबरोबर काय येते, तेही मला ठाऊक आहे. मार्च महिना येतो, उपयोगिता प्रमाणपत्र येते आणि ‘लाभार्थींसह छायाचित्र’ येते. शेजारच्या तालुक्यातून लपून येणाऱ्या मावशींचा फोटो फलकावर लागला, तर त्या पुन्हा येणार नाहीत. म्हणून पैसे देताना काही पथ्ये आधीच लिहून ठेवावी लागतील. नावे मागू नयेत, फक्त डोकी मोजावीत. छायाचित्र नको. अनुदान किमान तीन वर्षांसाठी मंजूर व्हावे आणि एप्रिलमध्ये मिळावे. दिवाळीनंतर मिळालेले पैसे उन्हाळ्यातल्या बैठकांच्या कामाचे नसतात. उद्घाटने आणि सत्कार गटाच्या वेळेत होऊ नयेत. हिशेब मात्र काटेकोर मागावा, आणि कामाची तपासणीही करावी. किती वाचले, असे विचारू नये. उपचार किती जणांनी पुरे केले, किती सोबती कामावर परतले, किती जणांना झोप लागू लागली, हे विचारावे. याची उत्तरे देता येतात आणि ती आम्हाला द्यावीच लागली पाहिजेत.

एवढे केले, तर जिल्ह्याजिल्ह्यांत काही कॅन्सर नाहीसा होणार नाही. पण लपवालपवीने एकमेकांपासून दुरावलेल्या आईला आणि मुलाला बसायला एक जागा मिळेल, आणि ती पावसाळ्यातही उघडी असेल. आमचा अर्ज जिल्हा नियोजन समितीकडे गेला आहे. वाचकांपैकी ज्यांच्या घरात हा आजार येऊन गेला आहे, त्यांनी आपापल्या जिल्ह्यात असाच एक अर्ज करावा. एका गावचा अर्ज बाजूला ठेवता येतो. छत्तीस जिल्ह्यांतून आले, तर त्यांच्यासाठी लेखाशीर्ष काढावेच लागेल.